मालवणला कोरल बघायचंय, पोहता येत नाही. स्नॉर्कलिंग जमेल का, आणि कधी जावं?

जमेल. स्नॉर्कलिंग म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं. फक्त लक्षद्वीपचे फोटो डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका. ती बेटंच प्रवाळाची, म्हणजे कोरलची, तिथे गाळ आणणारी नदी नाही, म्हणून पाणी काचेसारखं. मालवणात कोरल सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांना धरून वाढतं आणि गड, कर्ली या नद्या जवळच समुद्राला मिळतात. पाणी किती निवळलंय, यावरच सगळं अवलंबून.

पावसाळ्यातला गाळ बसायला वेळ लागतो, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. त्यातही शनिवार-रविवार बघण्यापेक्षा तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ जबर, तळ ढवळतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे नवमी ते एकादशी, ओढ कमी. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा: एकादशीला ११ची पाऊणपट, सव्वाआठ. हा ढोबळ अंदाज आहे, नक्की वेळ होडीवाल्याला विचारा. पण सकाळी आठच्या सुमारास भरलेलं संथ पाणी आणि जमिनीवरून येणारा मतलई वारा, यापेक्षा चांगला योग नाही. दुपारी खारा वारा सुटला की लाटा उठतात आणि नळीत पाणी जातं.

न पोहणाऱ्यांची खरी अडचण मास्कची असते. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर दुसरा मागा, पट्टा आवळून गळती थांबत नाही. कडेखाली केस नकोत. मिशीतून पाणी येत असेल तर तिथे थोडं व्हॅसलीन लावा. काचेला आतून थुंकी चोळून खळबळली की धुकं धरत नाही. लाइफ जॅकेट घालून कमरेइतक्या पाण्यात पाच मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्यायचा सराव करा, मगच होडीत बसा.

मासे जवळ यावेत म्हणून कुणी पाव-बिस्किटं टाकत असेल तर स्पष्ट नको म्हणा. खडकावरचं शेवाळ खाऊन कोरलला जागा मोकळी ठेवणारे मासे पावाला सवकतात. कोरलवर पाय टेकू नका. जवळून पाहिलंत तर त्या दगडासारख्या गोळ्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतील, प्रत्येकात एक जिवंत प्राणी असतो. पांढराफटक गोळा दिसला तर तो रंग त्याचा नव्हे. पाणी तापल्यावर त्याच्या अंगातलं, त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शेवाळ निघून गेलेलं असतं. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा घट्ट टीशर्ट घाला.

स्कुबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी (डाइव्ह) मारण्याचा, मोह झालाच, तर सर्दी असताना उतरू नका, कान मोकळे होत नाहीत. आणि डाइव्हनंतर निदान १२ तास विमान नको, आंबोलीसारखा घाटही नको. परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशीच ठेवा.