गच्चीवर पर्जन्यमापक, घरात पडदा : मधली वायर हवी की नको?

प्रश्न : ठाण्यात कोलशेत रस्त्यावरच्या सात मजली इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझे सासरे कित्येक वर्षांपासून पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला गच्चीवर जाऊन साध्या पर्जन्यमापकातले पाणी मोजतात आणि वहीत नोंद करतात. आता त्यांना लिफ्टनंतरचा गच्चीचा जिना चढवत नाही, म्हणून घरात बसून छोट्या पडद्यावर (स्क्रीनवर) आकडे पाहता येतील असे घरगुती हवामान केंद्र घ्यायचे आहे. दुकानदाराच्या मते वायरचे केंद्र अधिक अचूक असते. माझी नणंद मात्र अमेरिकेहून येताना बिनतारी संच आणते म्हणते. आम्ही कोणता घ्यावा? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी अचूकतेचा मुद्दा बाजूला काढू या, कारण निवड बहुतेक वेळा तिथेच चुकते. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस मोजणारे संवेदक (सेन्सर) दोन्ही प्रकारांत सारखेच असतात. वायर किंवा रेडिओलहरी मोजमाप करत नाहीत, झालेले मोजमाप फक्त घरात पोहोचवतात. आजच्या संचांत ते आकड्यांच्या रूपात जाते, त्यामुळे निरोप पोहोचला तर जसाच्या तसा पोहोचतो, नाहीतर अजिबात पोहोचत नाही; वाटेत 28 अंशांचे 29 होत नाहीत. म्हणून तुम्ही विचारायचा खरा प्रश्न असा आहे, की गच्ची आणि तुमचा दिवाणखाना यांच्यामध्ये काय काय आहे.

तुमच्या बाबतीत मध्ये चार-पाच स्लॅब आहेत. खोक्यावर ‘100 मीटर’ असे छापलेले असले, तरी ते अंतर मोकळ्या मैदानातले, दोन्ही टोके एकमेकांना दिसत असतानाचे असते. स्लॅबमधल्या सळयांची जाळी लहरींना अडवते, आणि गच्चीवर गळतीसाठी पत्र्याचे छप्पर घातले असेल, जसे ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांत सर्रास दिसते, तर लहरी त्यातून जवळजवळ पार होतच नाहीत, कडेने वळसा घालून जेवढ्या खाली येतील तेवढ्याच. अशा वेळी पडदा घराच्या मधोमध न ठेवता, संच ज्या बाजूला बसवला आहे त्याच बाजूच्या खिडकीपाशी ठेवल्याने मोठा फरक पडतो. भिंतीला एकही भोक पाडण्यापूर्वी बाहेरचा भाग गच्चीवर नुसता टेकवून ठेवा, पडदा घरात नियोजित जागी ठेवा आणि दोन दिवस आकडे सलग येतात का ते पाहा. ही परीक्षा भर पावसातही एकदा घ्यावी.

अधूनमधून एखादा निरोप हुकला तर पाऊस हातचा जातो का, अशी धास्ती सासऱ्यांना वाटणे स्वाभाविक आहे. बहुतेक बिनतारी संचांत पावसाची बेरीज बाहेरच्या भागातच चालू राहते आणि प्रत्येक निरोपाबरोबर एकूण बेरीज पाठवली जाते. त्यामुळे मधले चार निरोप गळाले तरी पाचव्यात सगळा पाऊस जमेस धरला जातो. वाऱ्याचे तसे नाही. साध्या संचात निरोप 16 सेकंदांपासून एक मिनिटापर्यंतच्या अंतराने निघतात, आणि वळवाचा एखादा जोरदार झोत नेमका हुकलेल्या निरोपात असला तर तो कायमचा गेला. वाऱ्याची बारीक नोंद ठेवणाऱ्याने वायरचा आग्रह धरला तर तो मला रास्त वाटतो. तुमची वही पावसाची आहे.

नणंदबाईंनी अमेरिकेहून संच आणू नये, असे मी स्पष्टच सांगतो. तिथले बरेचसे बिनतारी संच रेडिओलहरींच्या 902 ते 928 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. आपल्याकडे या पट्ट्याचा काही भाग मोबाइल सेवेला दिलेला आहे, त्यामुळे असा संच इथे वापरणे नियमात बसत नाही आणि मोबाइलच्या गोंगाटात त्याचा आवाज बुडूनही जातो. घरगुती वापरासाठी आपल्याकडे कमी शक्तीच्या उपकरणांना 433 आणि 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या आसपास परवान्याविना मोकळीक आहे. भारतात विकायला असलेल्या संचाच्या मागच्या पट्टीवर हा आकडा वाचूनच घ्यावा.

आता वायरबद्दल, आणि हे मी स्वतः भोगलेले आहे. माझ्याकडे आधी वायरचाच संच होता. गच्चीवरून डक्टमधून वायर खाली आणली होती. पहिला पावसाळा उत्तम गेला. दुसऱ्या जुलैत आर्द्रतेचा आकडा एका जागी गोठला. जोडणीची टोपी उघडली तेव्हा आतल्या चारही पिना हिरव्या पडलेल्या होत्या आणि टोपीच्या तळाशी नखभर पाणी होते. वायर वरून सरळ टोपीत उतरत होती, त्यामुळे पाऊस वायरीवरून ओघळत थेट जोडणीत शिरत होता. वायरीला टोपीच्या अलीकडे खाली झोळ दिला असता तर पाणी झोळाच्या टोकाशी ठिबकून गेले असते. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत तांबे जरासे उघडे पडले तरी ते महिनाभरात काळवंडते. त्यातून सावरलो, तोवर इमारतीच्या रंगकामात परांचीवरच्या कुणीतरी डक्टमधली ‘निकामी’ वायर कापून टाकली. सात मजल्यांच्या सामाईक डक्टमधून जाणारी वायर आपली राहत नाही, हे मला तेव्हा कळले.

विजेचा धोका त्याहून गंभीर आहे. मे महिन्यातल्या वळवात आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात वीज इमारतीवरच पडायला हवी असे नाही; जवळपास पडली तरी लांब वायरीत विद्युतदाब उसळतो आणि थेट घरातल्या पडद्यापर्यंत येतो. बिनतारी संचात तो धक्का निदान गच्चीवरच थांबतो. कोणताही संच घेतला, तरी त्याचा खांब वीजरोधकाच्या (पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या गच्चीवरच्या सळईच्या) टोकापेक्षा बराच खाली ठेवा आणि वीजरोधकाच्या पट्टीला कधीही बांधू नका. गच्ची सोसायटीची सामाईक जागा असल्याने कार्यकारिणीची लेखी परवानगी घ्या, म्हणजे पुढच्या रंगकामात संच सुरक्षित राहील.

तेव्हा तुमच्यासाठी बिनतारी. त्याचा जाच एकच, बॅटरी. सौर तबकडी असली तरी जुलैत आठवडाभर सूर्य दिसत नाही आणि सगळा भार बॅटरीवर येतो, म्हणून मेअखेरीस नवी घालावी. ती लिथियमची घ्यावी. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या उन्हाळ्यात तापून पाझरतात आणि स्प्रिंग खातात.

वहीसाठी दोन गोष्टी मात्र जपायला हव्यात. सासरेबुवा साडेआठची वेळ पाळतात ती हवामान खात्याचीच रीत आहे. सकाळी साडेआठ ते साडेआठ असा पावसाचा दिवस धरला जातो. पडद्यावरचा ‘आजचा पाऊस’ मात्र बहुधा मध्यरात्री शून्यावर येतो. तेव्हा साडेआठला ‘गेल्या 24 तासांचा पाऊस’ हा आकडा वाचावा, नाहीतर वहीची जुनी आणि नवी पाने एकमेकांशी जुळणार नाहीत. दुसरे म्हणजे मापकाची तपासणी. संचातला पाऊस सी-सॉसारख्या छोट्या वाटीने मोजला जातो. ठरावीक थेंब साठले की वाटी कलंडते. नरसाळ्याचे तोंड 11 सेंटीमीटर व्यासाचे असेल, तर 95 मिलिलिटर पाणी म्हणजे 10 मिलिमीटर पाऊस. औषधाच्या मापाने 190 मिलिलिटर पाणी घेऊन ते अर्ध्या तासात थेंबथेंब ओता; पडद्यावर 20 च्या आसपास आकडा यायला हवा. धो धो पावसात ही वाटी कलंडताकलंडता थोडे पाणी चुकवते आणि नोंद कमी दाखवते, म्हणून जुने बाटलीचे मापक मोडीत काढू नका. घरातल्या कुणी तरुणाने मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी ते वर जाऊन मोजावे. कठडा चार फुटांचा असेल तर मापक त्यापासून निदान आठ फूट दूर ठेवा. कबुतरांची पिसे आणि पाला नरसाळ्यात अडकतो, तो दर पंधरा दिवसांनी काढावा लागेल. तेवढे गच्चीवर जाणे कोणत्याही संचाने टळत नाही.

26 जुलै 2005 च्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला 75 चाही आकडा गाठला गेला नाही. कोलशेतचा पाऊस कोलशेतलाच मोजावा लागतो, म्हणून ही वही मला मोलाची वाटते.

प्रश्न : बेलापूरला आमचे रो-हाउस आहे. मागच्या अंगणात खांब उभारता येतो, तिथून बैठकीची खोली जेमतेम 10 मीटर आहे. वरचेच मला लागू पडेल का? — एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : नाही, तुम्ही वायरचा संच घ्या. सामाईक डक्ट नाही, अंतर थोडे आहे, आणि बॅटरीची कटकट वाचते. संचाबरोबर आलेलीच वायर वापरा, मध्ये जोड देऊन वाढवू नका. ती जमिनीखालून पीव्हीसी पाइपातून न्या, म्हणजे उंदीर आणि फावडे दोन्हींपासून वाचेल, आणि भिंतीतून आत शिरण्यापूर्वी झोळ द्यायला विसरू नका. आभाळ गडगडू लागले की पडद्याची वायर काढून ठेवावी; मात्र तेवढ्या वेळातला पाऊस पडद्यावर येणार नाही, म्हणून शेजारी एक साधे बाटलीचे मापक ठेवा.