एकच स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि वीस मुलांची बॅच, शिकवायचं कसं?

तुम्ही विचारलंय की बी.एस्सी.च्या बॅचमध्ये वीस मुलं आहेत, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण कुठला प्रकाश किती शोषतं ते मोजणारं मशीन) एकच, मग तो प्रत्येकाला खरोखर वापरता कसा येणार? मी रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतो, आणि माझ्या मते मशीन एकच असणं ही खरी अडचण नाही. रीडिंग मिनिटाभरात होतं, वेळ जातो तो द्रावणं बनवण्यात. जोड्या पाडा. प्रत्येक जोडी आपली द्रावणं बनवेल आणि तयार होईल तशी मशीनपाशी येईल. फक्त बटण तुम्ही किंवा लॅब असिस्टंटनं दाबायचं नाही.

सुरुवात पोटॅशियम परमँगनेटनं करा, पण पहिल्या तासाला रीडिंग नको. झाकण उघडं असतानाही प्रकाश दिसतो असं मॉडेल असेल, तर खोलीत अंधार करून नमुन्याच्या कप्प्यात पांढऱ्या कागदाची पट्टी धरा. ५२५ नॅनोमीटर तरंगलांबीला कागदावर हिरवा ठिपका दिसतो, ६५० ला लाल. आता वाटेत जांभळ्या द्रावणाचा क्युव्हेट (नमुना ठेवायची छोटी पारदर्शक नळी) ठेवा. हिरवा ठिपका विझतो, लाल मात्र बराचसा टिकतो. ‘रीडिंग ५२५ लाच का?’ हे मग मुलंच तुम्हाला सांगतात.

पुढच्या तासापासून एक नियम मी कधीच सोडत नाही: आधी जर्नलमध्ये अपेक्षित आकडा, मग रीडिंग. द्रावणानं किती प्रकाश अडवला त्याचं माप म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स, आणि १ मोलर द्रावणाचा १ सेंमीतला हिशोबी अ‍ॅब्सॉर्बन्स म्हणजे मोलर शोषण गुणांक. ५२५ ला परमँगनेटचा हा गुणांक सुमारे २,४०० आहे. म्हणजे १ सेंमी क्युव्हेटमध्ये ०.०००१ मोलर द्रावणाचा अ‍ॅब्सॉर्बन्स ०.२४ च्या आसपास यायला हवा. ०.४ आला, की मुलं आपणहून पिपेट आणि फ्लास्क तपासायला लागतात. आकडा आधी लिहिला नसेल तर तेच ०.४ निमूटपणे जर्नलमध्ये उतरतं, आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं.

मग ०.००२ मोलर द्रावण द्या. हिशोबानं ४.८ यायला हवं, पण मशीन त्याच्या बरंच खाली अडकतं. अ‍ॅब्सॉर्बन्स २ म्हणजे १ टक्का प्रकाश पलीकडे पोचतो, ३ म्हणजे ०.१ टक्का. एवढ्या कमी प्रकाशात मशीनमधला भटका प्रकाशच (निवडलेल्या तरंगलांबीबाहेरचा, चुकून पोचलेला) मोजला जातो. हे एकदा पाहिलं की ‘०.१ ते १ च्या दरम्यान राहील इतकं डायल्यूट करा’ हे वेगळं शिकवावं लागत नाही.

क्युव्हेटच्या चुकाही मुद्दाम करू द्या. खरबरीत बाजू प्रकाशाच्या वाटेत ठेवून, पारदर्शक बाजूवर बोटाचा ठसा उमटवून, आत बुडबुडा ठेवून रीडिंग घ्यायला लावा. काचेचा क्युव्हेट २६० नॅनोमीटरला काय करतो आणि क्वार्ट्झचा काय, तेही दाखवा.

तोंडी परीक्षेत भागांची नावं विचारण्यात फारसा अर्थ नाही. मी एक रीडिंग समोर ठेवतो: −०.०४. म्हणजे शून्य लावायला ठेवलेल्या नुसत्या पाण्यापेक्षा, म्हणजेच ब्लँकपेक्षा, नमुन्यानं कमी प्रकाश अडवला. ज्यानं स्वतः मशीन हाताळलंय तो लगेच विचारतो, ‘सर, ब्लँकचा क्युव्हेट पुसला होता का?’