ग्रिलवरचं तापमान: काटा काय सांगतो, काय नाही

प्रश्न: ग्रिलच्या झाकणावरचा काटा २०० अंश दाखवतो, तरी चिकन आतून कच्चं राहतं. काटा बिघडला असेल का?

उत्तर: बहुधा नाही. तो सांगतो झाकणाजवळच्या हवेचं तापमान, आणि चिकन आहे खाली जाळीवर. दोन्हींत २०-३० अंशांचा फरक सहज पडतो. निखारे एका बाजूला लोटले असतील तर त्याहूनही जास्त. जाळीवरची हवा मोजायची तर वायरचा प्रोब (तापमान मोजणारी सळई) क्लिपने जाळीलाच लावा, पण मांसापासून चार-पाच सेंटिमीटर लांब. थंड मांसाला लागून असलेली हवा थंडच असते, तिथे आकडा कमी येतो.

अर्थात, चिकन शिजलं का हे हवा मोजून कळत नाही. त्यासाठी थर्मामीटरचं टोक मांसातच जायला हवं: सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकता. आत घालून हळूहळू मागे ओढा आणि वाटेत दिसलेला सर्वांत कमी आकडा धरा. चिकनला तो ७४ अंश हवा, खिम्याच्या पॅटीला ७१. पॅटी किंवा पातळ तुकडा बाजूने आडवा टोचा. काट्याचं थर्मामीटर इथे फारसं कामाचं नाही, कारण त्याची सळई पाच-सहा सेंटिमीटर आत गेली तरच ते नीट मोजतं. डिजिटलचं नुसतं टोक पुरतं.

प्रश्न: नवं थर्मामीटर बरोबर आहे का, हे घरी कसं पाहू?

उत्तर: ग्लास चुरलेल्या बर्फाने काठोकाठ भरा, फटी भरतील इतकंच पाणी ओता आणि ढवळा. टोक मधोमध धरा, काचेला लागू देऊ नका. मिनिटभरात शून्य दिसलं पाहिजे. एखादा अंश इकडेतिकडे चालेल. उकळतं पाणीही चालतं, पण ते १०० अंशांवर उकळतं ते समुद्रसपाटीला. दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश कमी होतो. उंचावर राहणारे बरेच जण हे विसरतात आणि उगाच थर्मामीटर बदलून आणतात.

प्रश्न: लांबूनच तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन घ्यावी का?

उत्तर: बिडाचा तवा किंवा जाळी किती तापली, एवढंच पाहायचं असेल तर घ्या. ती फक्त पृष्ठभाग मोजते. चकचकीत स्टीलवर तर आकडा खऱ्यापेक्षा खूपच कमी दाखवते.

प्रश्न: मोठा तुकडा मंद आचेवर ठेवला की ७० अंशांच्या आसपास आकडा तासन्‌तास हलत नाही. प्रोब खराब झालाय?

उत्तर: शंका असेल तर दुसऱ्या थर्मामीटरने ताडून पाहा, दोन्ही बहुतेक एकच आकडा देतील. मांसातलं पाणी वर येऊन उडत असतं आणि त्यात उष्णता खर्च होते, म्हणून तापमान अडतं. घाई असेल तर तुकडा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, आकडा पुन्हा चढू लागेल. वरचं कुरकुरीत आवरण मात्र मऊ पडेल. मला ते आवरणच आवडतं, त्यामुळे मी थांबतो.