फुटबॉल सोडू नकोस, महिने वाटून घे

प्रिय गड्या,

तुझं वेळापत्रक बघितलं. सहा दिवस पोहणं, सायकल आणि धावणं, त्यातच तीन संध्याकाळी तालमीच्या फुटबॉल संघाचा सराव, आणि रविवारी पन्हाळ्याचा चढ. मॅच मात्र कुठेच लिहिलेली नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर भर दुपारी उतरून जीव तोडून खेळणं तू व्यायामात धरलेलंच नाहीस! सगळी गडबड तिथेच आहे.

गोव्याची हाफ आयर्नमॅन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची ट्रायथलॉन शर्यत, करायची तर फुटबॉल सोडावा का, असं विचारलंयस. सोडू नकोस. हे मी निव्वळ पेठेच्या अभिमानापोटी म्हणत नाही, थोडासा तोही असेल. पोहण्यात आणि सायकलीवर शरीराचा भार पाण्यावर नाहीतर खोगिरावर जातो, हाडांना फारसं काम पडत नाही. फुटबॉलमधल्या उड्या, झटकन थांबणं, वळणं यांनी हाडं बळकट होतात, आणि तुझ्या वयात कमावलेलं हाड पुढे जन्मभर पुरतं. शिवाय ट्रायथलीटचं सगळं आयुष्य नाकासमोर जाण्यात संपतं. आडवं पाऊल टाकायची वेळ आली की भल्याभल्यांचे घोटे आणि जांघा बोलायला लागतात. तुझ्याकडे ते आयतं आहे, घालवू नकोस.

पण आठवड्याच्या सात दिवसांत दोन्ही खेळांचा तोल साधायचा खटाटोप सोड. तोल वर्षभरात साधायचा असतो, आणि त्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहेत. केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) फुटबॉल लीग आणि त्यामागून येणाऱ्या चषक स्पर्धा साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत चालतात. पावसाळ्यात मैदान बंद. गोव्याची शर्यत 2019 साली मिरामारला सुरू झाली, ती होते ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. म्हणजे जून ते शर्यत हा काळ ट्रायथलॉनचा, आणि डिसेंबर ते मे फुटबॉलचा. ज्या महिन्यात जो खेळ मुख्य, त्याचं आधी ठरवायचं, दुसऱ्याने उरलेल्या जागेत बसायचं. सहा महिने धाकटं होऊन राहायला दोघांनाही हरकत नसते. हरकत असते ती आपल्यालाच.

फुटबॉलच्या मोसमात मॅच म्हणजेच तुझे इंटरव्हल, म्हणजे थोडं जोरात, थोडं सावकाश असं आलटून पालटून पळणं. वेगळे इंटरव्हल मारायला ट्रॅकवर जायचं नाही. मॅचमध्ये डझनावारी स्प्रिंट होतात, आणि प्रत्येक वेळी थांबताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. त्याने येणारा ठणका लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतो. म्हणून मॅचच्या दुसऱ्या दिवशी पोहायचं किंवा तासभर हलकी सायकल, तीही सपाटीवर. पळणं त्यानंतर, आणि तेसुद्धा सावकाश. मॅचच्या तारखा ऐनवेळी पुढे-मागे होतात हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तेव्हा सोमवार-मंगळवार असं न लिहिता ‘मॅचच्या आदल्या दिवशी’, ‘मॅचनंतर तिसऱ्या दिवशी’ असं लिही. तारीख हलली की सगळं वेळापत्रक आपोआप तिच्याबरोबर हलेल.

पोहणं मात्र बारा महिने सोडायचं नाही. तिन्हींपैकी तंत्रावर सगळ्यात जास्त अवलंबून असलेला प्रकार तोच. हात पाण्यात कसा धरायचा, श्वास कधी घ्यायचा, हे दोन महिन्यांत विसरायला होतं. आठवड्यातून दोनदा तलाव गाठलास तरी मोसमभर पुरेल, कारण त्याने पायांवर ओझं पडत नाही. घोटा मुरगळला तर तेवढ्यापुरतं मांड्यांमध्ये पुल बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा) धरून नुसत्या हातांनी पोहता येतं. डोक्याला मार लागला असेल तर मात्र दोन्ही खेळ बंद. डॉक्टर सांगेपर्यंत सायकलही नाही आणि तलावही नाही, मग फायनल असो की आणखी काही.

जूनमध्ये उलटी गंमत होते. फुटबॉल खेळून दम चांगला तयार झालेला असतो, म्हणून पोरं पहिल्याच आठवड्यात लांब पल्ला मारायला निघतात. दम आहे, पण एका जागी बसून तीन-साडेतीन तास पायडल मारायची गुडघ्यांना आणि कंबरेला सवय नाही. 1.9 किलोमीटर पोहून, 90 किलोमीटर सायकल चालवून 21.1 किलोमीटर पळायचं आहे, आणि या सगळ्याला साडेआठ तास मिळतात. तुला वेगाची चिंता नको, लांबीची कर. खोगिराची उंची कुणा जाणत्याकडून तपासून घे, अंतर हळूहळू वाढव, आणि ऑगस्टपासून सायकलवरून उतरल्या उतरल्या पळायचा सराव धर. पावसात रस्ते निसरडे असतात, मुसळधार असेल त्या दिवशी घरातच ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, बस. राजाराम तलावात पोहायला जाशील तर सोबत कुणीतरी हवंच. पंचगंगा चढलेली असताना नदीचं नावही काढायचं नाही, घाटावरून सूर मारण्यात कितीही हातखंडा असला तरी.

अजून एक, जे कुठल्याच परदेशी आराखड्यात सापडणार नाही: तुझ्या तयारीचे सगळ्यात जड आठवडे बहुतेक गणपतीतच येतील. विसर्जन मिरवणुकीत रात्रभर नाचलास तर तोही व्यायामच झाला. नाच खुशाल, पण दुसऱ्या दिवशीची लांब राइड खोडून टाक.

धोका खरा कुठे असेल तर शर्यतीनंतरच्या तीन आठवड्यांत. तू शर्यत पुरी करून येशील, पेठेत सत्कार होईल, आणि लगेच कुणीतरी म्हणेल, ‘एवढा पळतोयस, उद्या खेळ की!’ तिथे नाही म्हण. पाच-सहा महिने तू सरळ रेषेत, एकाच लयीत पळालेला असतोस. मांडीच्या मागचा स्नायू झटका द्यायचं विसरलेला असतो, आणि पहिल्याच स्प्रिंटला तो दगा देतो. पहिला आठवडा चालणं आणि निवांत पोहणं. दुसऱ्यात आडव्या पावलांचे व्यायाम, छोटी शटल (थोड्या अंतरात पुढे-मागे पळणं), आणि गुडघ्यांवर बसून, जोडीदाराला घोटे धरायला लावून, हळूहळू पुढे झुकायचा तो नॉर्डिक व्यायाम. पहिल्यांदा करशील तेव्हा मला शिव्या घालशील. तिसऱ्या आठवड्यात सराव सामना, तोही अर्धाच. फिफाचा ‘11+’ नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप आहे, त्याने दुखापती कमी होतात हे अभ्यासांतून दिसलंय. तो सगळ्या संघालाच करायला लाव.

दोन खेळ एकदम खेळणाऱ्या ट्रायथलीट टेलर निबचं उदाहरण दिलंस, तेही बघू. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ती अमेरिकेकडून सायकलिंगची टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) आणि ट्रायथलॉन दोन्हींत उतरली, हे खरं. टाइम ट्रायलमध्ये ओल्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा घसरून ती एकोणिसावी आली, चार दिवसांनी ट्रायथलॉनमध्येही एकोणिसावी, आणि पुढे मिश्र रिलेत रौप्यपदक घेऊन गेली. जबरदस्त बाई आहे. पण तिचा दुसरा खेळ तिच्या पहिल्या खेळाचाच एक तुकडा आहे. तुझ्या दुसऱ्या खेळात समोरून स्लायडिंग टॅकल येतो. तिच्याकडून धीर घे, वेळापत्रक घेऊ नकोस.

आता अवघड काम. तुझ्या कॅप्टनला हे सगळं अजून माहीत नाही, असं तुझ्या पत्रावरून वाटलं. मॅचच्या आदल्या दिवशी गुपचूप ज्योतिबाचा चढ मारून आलास आणि उत्तरार्धात पाय गेले, तर ते अख्ख्या गॅलरीला दिसतं, आणि हरल्यावर पेठेत काय ऐकावं लागतं ते तुला सांगायला नको. मे संपेपर्यंत तू पूर्ण त्यांचा, जूनपासून नाहीस, हे त्याला आत्ताच सांग. पोहायला शिकवणाऱ्या सरांनाही मॅचच्या तारखा देऊन ठेव. रागावतील दोघेही, थोडे दिवस.

खाण्यावर तू बराच मजकूर लिहिलायस, त्यावर एवढंच: मॅच सुटली की दूधकट्ट्यावर जाऊन पेलाभर दूध पी, घरी जाऊन भात-आमटी जेव आणि वेळेवर झोप. पावडरींची यादी बाजूला ठेव.

केएसएचं वेळापत्रक लागलं की त्याचा फोटो मला पाठव. मॅचच्या तारखा आधी भरू, मग पोहण्याचे दिवस. उरलेलं कोरंच राहू दे.

तुझा,
काका