डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोज अ‍ॅपच्या स्क्रीन बनवायचं मायक्रोसॉफ्टचं फ्रेमवर्क) 'ग्राहक.पत्ता.शहर' असं बाइंडिंग, म्हणजे स्क्रीनवरच्या जागेची डेटाशी जोडणी, केलंय. सुरुवातीला शहर दिसतं, पण कोडमधून बदललं तरी स्क्रीनवर जुनंच राहतं. असं का?

सुरुवातीला शहर दिसतंय म्हणजे पाथ बरोबर आहे. प्रॉपर्टी बदलल्याचं स्क्रीनला कळवणारा 'आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड' हा इंटरफेस नुसता व्ह्यूमॉडेलवर (स्क्रीनला डेटा पुरवणारा क्लास) लावून भागत नाही. साखळीतल्या ज्या क्लासची प्रॉपर्टी बदलते, त्यानेच तो बदल कळवायला हवा. शहर बदलत असाल तर पत्ता क्लासने, अख्खा पत्ताच नवा देत असाल तर ग्राहक क्लासने. ग्राहक क्लासचं हे कळवणं हमखास राहून जातं, आधी तेच बघा. बदल कळवणाऱ्या इव्हेंटमध्ये नावही फक्त 'शहर' द्या, पूर्ण पाथ नको.

पुढे कधी जागा कोरीच दिसली, तर मधला पत्ता नल (काहीच न दिलेला) असेल किंवा शहर प्रॉपर्टीऐवजी साधं फील्ड असेल. फील्डला बाइंडिंग होत नाही. मधल्या नलसाठी फॉलबॅकव्हॅल्यू (बाइंडिंगला किंमत मिळालीच नाही तर दाखवायची किंमत) वापरा. टार्गेटनलव्हॅल्यू (शेवटची किंमतच नल असेल तर दाखवायची किंमत) तिथे लागू होत नाही.