अर्धा इंची व्हॉल्व्ह टेफ्लॉन टेप गुंडाळूनही वाफ सोडतोय, अजून आवळू का?

नका आवळू. आधी बॉयलर थंड होऊ दे, गेजचा काटा शून्यावर येऊ दे, मगच पान्याला हात लावा, चालू प्रेशरवर तर अजिबात नको.

तुम्ही म्हणताय खानापूरकडं काजू उकडायच्या छोट्या बॉयलरला बाहेरून मागवलेला नवीन व्हॉल्व्ह लावला, टेपचे दहा वेढे दिले तरी सॉकेटमधून वाफ येते. मला वाटतं टेपचा दोष नाही, आटेच दोन जातीचे आहेत. टेप २६० अंशापर्यंत टिकते आणि १० किलो प्रेशरची वाफ १८४ च्या आसपास असते.

आपल्याकडं पाईपला बीएसपीटी, म्हणजे ब्रिटिश मापाचे निमुळते आटे असतात, आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकन मालावर एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे निमुळते आटे, कोन ६० अंश. निमुळतेपणा दोन्हीत सारखाच, १६ ला १, म्हणजे १६ मिलिमीटर पुढं गेलं की व्यास १ मिलिमीटर वाढतो. आता खरी गोम बघा, पाव इंचीत बीएसपीला इंचात १९ आटे आणि एनपीटीला १८, एक इंचीत ११ आणि साडेअकरा, त्यामुळं तिथं थोडं फिरवलं की अडकतं आणि माणूस सावध होतो. पण अर्ध्या आणि पाऊण इंचीत दोन्हीकडं १४ च, त्यामुळं हातानं मस्त आत जातं आणि वाटतं बसलं की. कोन जुळत नाही म्हणून आट्यांच्या टोकाशी बारीक फट राहते, ती गोल गोल वर येते आणि वाफ त्याच वाटेनं बाहेर पडते.

मी बेळगावच्या उद्यमबागात लेथवर काम करत होतो तेव्हाची गोष्ट, एका युनिटला पाऊण इंची व्हॉल्व्ह असाच लावला, गळला म्हणून आवळला, परत गळला, परत आवळला, आणि बिडाच्या सॉकेटवर केसाएवढी उभी चीर दिसली. निमुळते आटे म्हणजे पाचरच, जितकं आत ढकलाल तितकं सॉकेट फाकणार. त्या दिवशी बॉयलर थंड होता म्हणून वाचलो. आजही असं कोणी विचारलं की तीच चीर डोळ्यासमोर येते.

तुम्ही काय करा, व्हॉल्व्ह उतरवा, ब्रशनं आटे साफ करा आणि पिच गेजचं (आटे तपासायच्या दातेरी पात्यांचं हत्यार) ५५ चं पातं लावून ट्यूबलाईटकडं धरा. पातं तंतोतंत बसलं, मधून उजेड आला नाही तर बीएसपी. आट्याच्या कडेनं उजेडाची रेघ दिसली तर ६० चं लावून बघा. एनपीटी निघाला तर सरळ व्हॉल्व्ह बदला, नाहीतर एका तोंडाला एनपीटी आणि दुसऱ्याला बीएसपीटी असलेला प्रेशरला चालणारा अडॅप्टर घ्या. डाय मारून आटे "दुरुस्त" करतो म्हणणाऱ्याकडं देऊ नका. बॉयलर २५ लिटरपेक्षा मोठा असेल तर तो कायद्यात येण्याची शक्यता जास्त, मग फिटिंग सर्टिफिकेटवालंच घ्या.

बसवताना तोंड आपल्याकडं धरून घड्याळाच्या दिशेनं दोन-तीन वेढे, पहिला आटा मोकळा सोडून, नाहीतर टेपचा तुकडा आत जाऊन व्हॉल्व्हच्या सीटवर बसतो. सुतळी-सफेदा वापरायची सवय असेल तर तीही चालते, पण दोन्ही एकत्र नको. हातानं घट्ट होईपर्यंत फिरवा, मग पान्यानं दीड-दोन फेरे, बस्स. जास्त पुढं गेलं म्हणून मागं फिरवू नका, तिथली सील सुटते, काढून परत नव्यानं गुंडाळा.

जमलं तर उतरवलेल्या आट्यांचा जवळून फोटो टाका, शेजारी स्केल ठेवून, बघून सांगतो.