सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या बाबांसाठी
सेरेब्रल पाल्सीचे (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असण्याचे) निदान नुकतेच झाले असल्याने सध्या दोनच गोष्टी नीट धरा. फिजिओथेरपीला स्वतः जा आणि तिथे शिकवलेले व्यायाम अंघोळ, कपडे घालणे, खेळणे यांतच मिसळून टाका. भरवताना मुलाला आडवे ठेवू नका. पाठीला आधार देऊन, मान किंचित पुढे राहील असे बसवून, लहान चमच्याने मऊ भात द्या आणि आधीचा घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्या, कारण घाईत अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. हे हाताला लवकर जमते.

नवे पालक हमखास चुकतात ते ‘पूर्ण बरे करतो’ म्हणणाऱ्यांच्या (फार गोड बोलतात ही मंडळी!) नादी लागून, आणि लोकलाजेपायी दिव्यांग प्रमाणपत्र टाळून; खरे तर २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील बऱ्याच सवलतींसाठी तेच लागते. शाळेचे नंतर पाहू.